रात्रीचा रस्ता आणि हेडलाइटचा बल्ब

(मंडळाच्या गणेशोत्सवात शनिवारी संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)



कार्यकारिणीतून फोन आला, "या वर्षी तू बोल." आयटीवाला माणूस आहे, तेव्हा आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोलेल, आपल्या नोकऱ्या राहणार की जाणार ते सांगेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हटलं, गाडीच्या हेडलाइटच्या बल्बवर बोलतो. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, "म्हणजे, आध्यात्मिक अंगाने का?"

नाही. अगदी ऑटोझोनमध्ये काउंटरवर मिळतो त्या बल्बच्या अंगाने.

विषय का निवडला, ते सांगतो. दोन वर्षं मी आपल्या कार्यक्रमांच्या फोन-यादीचं काम करतोय. नाटक असो, गाण्याचा कार्यक्रम असो, मी साधारण साठ घरांना फोन करतो. ऑक्टोबरपर्यंत सगळं ठीक असतं. नोव्हेंबर लागला की उत्तरं बदलतात. "कार्यक्रम संपणार किती वाजता? साडेदहा? मग नको रे बाबा, आम्ही आता रात्रीची गाडी चालवत नाही." असं सांगणारे कोण? ज्यांनी सत्तरच्या दशकात इथे येऊन, कुणाच्या तरी तळघरात गणपती बसवून हे मंडळ सुरू केलं, ते काका-काकू. त्यांनी उभ्या केलेल्या मंडळाच्या कार्यक्रमाला त्यांनाच येता येत नाही, आणि कारण काय, तर समोरचं दिसत नाही आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत घुसतात. त्यातलं काही वयाचं आहे, ते टाळता येणार नाही. पण बरंचसं गाडीचं आहे, आणि ते वीस-तीस डॉलरमध्ये आणि एका शनिवार दुपारी सुधारण्यासारखं आहे. म्हणून हा विषय.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे साडेचारला सूर्य मावळतो. म्हणजे ऑफिसातून परतणारा प्रत्येक माणूस रात्रीच गाडी चालवत असतो. हरणं रस्त्यावर येण्याचा मोसमही हाच, ऑक्टोबर ते डिसेंबर. आणि थंडी पडली की पायी चालणारे सगळे काळे कोट घालून बाहेर पडतात. केनेडी बुलेव्हार्डवर संध्याकाळी सहाला बघा, जणू गणवेश ठरवलाय. या देशात वाहनांखाली सापडून जे पादचारी मरतात, त्यातल्या दर चारांपैकी तीन अंधारात मरतात.

आता थोडं गणित. घाबरू नका, पाढ्यांच्या पलीकडचं नाही. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, १३२ फूट गेले. मग ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत, रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील तर, आणखी १७० फूट. झाले ३०० फूट. फुटबॉलचं अख्खं मैदान. म्हणजे ३०० फुटांवरचा माणूस तुम्हाला दिसलाच पाहिजे. साध्या हॅलोजन दिव्याच्या लो बीममध्ये तेवढं लांबचं दिसत नाही. ट्रिपल ए ने २०१५ मध्ये चाचण्या घेतल्या होत्या. त्यांचा निष्कर्ष असा की रस्त्यावर दिवे नसतील तर हॅलोजनचा लो बीम ताशी ४० मैलांच्या वर पुरा पडत नाही, आणि झेनॉन किंवा एलईडीचा ४५ च्या वर. आणि आय-८० वरून डेलावेअर वॉटर गॅपकडे जाताना आपण किती वेगाने जातो? बसलेल्यांपैकी कुणी उत्तर देऊ नका, मुलं ऐकताहेत.

जर्सी सिटीत राहणाऱ्यांची एक खास अडचण आहे. आपल्याकडे रस्त्यावर इतका उजेड असतो की गाडीचे दिवे नीट आहेत की नाही ते कळतच नाही. न्यूअर्क ॲव्हेन्यूवर इंडिया स्क्वेअरमध्ये तर हेडलाइट बंद असले तरी दुकानांच्या पाट्यांच्या उजेडात गाडी चालेल. एका बाजूचा बल्ब गेलेला असतो आणि दोन-दोन महिने पत्ता नसतो. मग पोकोनोला जायचं ठरतं, आणि हायवेवरचे दिवे संपले की लक्षात येतं, अरे, हे काय? त्यात न्यू जर्सीने ऑगस्ट २०१० पासून खाजगी गाड्यांच्या इन्स्पेक्शनमधून ब्रेक, दिवे वगैरे तपासणं काढून टाकलं, आता फक्त धूर तपासतात. म्हणजे तुमचे हेडलाइट सरकारी माणूस बघत नाही. तुम्ही स्वतः बघितले तरच.

आपण राहतो तो भाग या बाबतीत फार मानाचा आहे. ओक ट्री रोडवर चाट खायला जाता, तिथून जवळच मेन्लो पार्क. एडिसनने १८७९ मध्ये बल्ब पेटवला ती जागा. तिथे १९३८ मध्ये उद्घाटन झालेला मनोरा आहे आणि त्याच्या डोक्यावर प्रचंड मोठा बल्ब. आणि आपल्या शेजारच्या नेवार्कमध्ये टंग-सोल नावाची कंपनी होती, तिने १९०७ च्या सुमारास मोटारींसाठी विजेचे हेडलाइट बल्ब बाजारात आणले. त्याआधी मोटारींना ॲसिटिलीन वायूचे नाहीतर तेलाचे दिवे असत, म्हणजे जवळपास आपल्या गावाकडच्या गॅसबत्तीची भावंडं.

नंतर अमेरिकेने १९४० पासून एकाच ठरावीक आकाराचे सीलबंद दिवे सक्तीचे केले. बल्ब गेला की अख्खा काचेचा दिवा बदलायचा. १९८३ मध्ये नियम बदलला आणि सुटा बल्ब बदलता येणारे दिवे आले. आणि त्याबरोबर काचेऐवजी प्लॅस्टिक आलं. हे प्लॅस्टिक लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय, खरा खलनायक तोच आहे.

आता बल्ब. आपल्यापैकी ज्यांनी भारतात गाडी चालवलीय त्यांना 'अप्पर' आणि 'डिपर' हे शब्द माहीत आहेत. ट्रकच्या मागे लिहिलेलं असायचं, 'यूज डिपर ॲट नाइट'. तिकडे सर्रास दिसणारा बल्ब म्हणजे एच ४, ज्यात एकाच काचेत दोन तारा, एक अप्परची, एक डिपरची, ६० आणि ५५ वॅटची. तोच बल्ब इथे ९००३ या नावाने मिळतो. इथल्या बऱ्याच जपानी गाड्यांत दोन वेगळे बल्ब असतात. उदाहरणार्थ २००७ ते २०११ ची कॅमरी घ्या, मंडळाच्या पार्किंगमध्ये अजून तीन तरी उभ्या आहेत. तिला लो बीमला एच ११ आणि हाय बीमला ९००५. तुमच्या गाडीला कुठला, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. आमच्या धंद्यात म्हण आहे की सगळे उपाय संपल्यावर डॉक्युमेंटेशन वाचावं. इथे कृपया आधी वाचा, कारण नंबर चुकला तर बल्ब बसतच नाही, किंवा वाईट म्हणजे जोर लावून बसतो.

हॅलोजन बल्ब कसा चालतो? टंगस्टनची बारीक तार पांढरीशुभ्र तापते. तापल्यावर तिचे कण उडून जातात. साध्या बल्बमध्ये ते काचेवर बसतात आणि काच काळी पडते. हॅलोजन बल्बमध्ये आयोडिन किंवा ब्रोमिनची वाफ असते, ती या उडालेल्या कणांना धरून पुन्हा तारेवर नेऊन सोडते. म्हणून तार जास्त तापवता येते. पण त्यासाठी काचही फार गरम लागते, ती क्वार्ट्‌झची असते, आणि तिला बोट लागलं की त्वचेचं तेल तिथे जळून काच कमकुवत होते. म्हणून नवा बल्ब नेहमी बुडाला धरायचा, काचेला हात लावायचा नाही. लागलाच तर स्पिरिटने पुसून घ्या.

दुकानात गेलात की एकाच नंबरचे चार-पाच प्रकार भिंतीवर लटकत असतात. दहा डॉलरपासून जोडी साठ डॉलरपर्यंत. कुणावर 'लाँग लाइफ', कुणावर '१३० टक्के जास्त प्रकाश', कुणावर निळसर पांढरी गाडी रंगवलेली. माझ्या मते इथेच सगळे फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बल्बने एकूण किती प्रकाश द्यायचा हे नियमाने ठरलेलं आहे. एच ११ चा साधारण १३५० ल्युमेन, ९००५ चा १७००, थोडं इकडे-तिकडे. मग १३० टक्के जास्त कुठून आणणार? एकूण प्रकाश वाढत नाही. तार जास्त बारीक आणि घट्ट वेटोळ्याची करतात, ती अगदी अचूक जागी बसवतात, त्यामुळे रस्त्यावरच्या एका ठरावीक जागी प्रकाश जास्त पडतो. आकडा त्या जागेचा असतो. ही थाप नाही, फायदा खरा आहे, दूरचं थोडं बरं दिसतं. पण प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दुप्पट लांबचं दिसायला चौपट उजेड लागतो. तीस टक्के जास्त उजेड म्हणजे चौदा टक्के जास्त अंतर, बस्स. आणि त्याची किंमत आयुष्यात मोजावी लागते. असा बल्ब दोन-तीनशे तासांत जातो, साधा हजाराच्या आसपास टिकतो. ज्यांच्या गाडीला दिवसाही तोच बल्ब डे-टाइम लाइट म्हणून जळतो, त्यांनी वर्षाला एक जोडी धरावी.

'लाँग लाइफ' म्हणजे याच्या उलट. तार जाड, आयुष्य जास्त, प्रकाश थोडा मंद. ज्यांना बल्ब बदलायला अख्खा बंपर काढावा लागतो त्यांच्यासाठी ते सोयीचं आहे, आणि अशा गाड्या आहेत, इंजिनियर लोकांना कधीतरी शिक्षा व्हायला हवी. पण दिसण्यासाठी घेत असाल तर नको.

आणि निळे बल्ब. हे तर अजिबात नको. हॅलोजनची तार मुळात पिवळसर प्रकाश देते, साधारण ३२०० केल्विन. त्यावर निळा थर दिला की पिवळा भाग अडवला जातो आणि उरलेला पांढरा दिसतो. म्हणजे चष्म्याला रंगीत काच लावून 'आता किती स्वच्छ दिसतं' म्हणण्यासारखं. पाकिटावर ४००० केल्विन, ५००० केल्विन असे आकडे असतात, आणि लोकांना वाटतं जितके केल्विन जास्त तितका उजेड जास्त. केल्विन हा रंगाचा आकडा आहे, उजेडाचा नाही. उजेडाचा ल्युमेन. पावसात ओल्या डांबरावर हा निळसर उजेड काही उपयोगाचा नसतो. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत पिवळेच हेडलाइट कायद्याने लावायला लागत.

मग माझा सल्ला काय? नामांकित कंपनीचा, फिलिप्स, ओसराम, सिल्व्हेनिया, कुठलाही, साधा किंवा एक पायरी वरचा पारदर्शक काचेचा बल्ब. नेहमी जोडीने बदला. एक बाजूचा गेला म्हणजे दुसऱ्याचेही दिवस भरत आलेत, आणि जुन्या बल्बचा उजेड कमी झालेलाच असतो.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. "हॅलोजन काढून त्याच जागी एलईडी बल्ब टाकला तर?" ऑनलाइन तीस-चाळीस डॉलरला मिळतात, 'प्लग अँड प्ले', '२०००० ल्युमेन', पाच हजार लोकांनी पाच तारे दिलेले. माझ्या एका मित्राने टाकले. गराजसमोर गाडी उभी करून मला दाखवले. भिंत खरोखर दिवाळीसारखी उजळली होती. मी त्याला म्हटलं, चल, आता जरा उजेड नसलेल्या रस्त्यावर जाऊ. तिथे गाडीच्या पुढचे पन्नास फूट लखलखीत, आणि त्यापलीकडे आधीपेक्षा जास्त काळोख. आणि समोरून येणारा प्रत्येक जण त्याला हाय बीम मारत होता. मित्राला वाटत होतं लोक उद्धट आहेत.

कारण असं आहे. हेडलाइटच्या आतला आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर, त्या बारीक तारेभोवती आखलेला असतो. तार चार-पाच मिलिमीटर लांब, गोल वेटोळ्याची, सगळ्या बाजूंनी प्रकाश देणारी, आणि अगदी नेमक्या जागी. आरशाचा प्रत्येक तुकडा त्या तारेचं प्रतिबिंब रस्त्यावर ठरलेल्या ठिकाणी टाकतो. एलईडी बल्बमध्ये चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात. प्रकाश दोन दिशांना जास्त, बाकी दिशांना कमी, आणि जागाही थोडी हललेली. मग आरसा बिचारा काय करणार? उजेड जवळच्या डांबरावर सांडतो, आणि वर, समोरच्याच्या डोळ्यांत. जवळचा रस्ता फार उजळला की आपली बाहुली आकसते आणि दूरचं आणखी कमी दिसतं. ड्रायव्हरला मात्र वाटतं काय मस्त उजेड आहे. म्हणून हे फसवं आहे. आधी जे झेनॉनचे किट मिळायचे त्यांचंही हेच.

शिवाय ते बेकायदा आहे. गाडीच्या दिव्यांचा केंद्रीय नियम क्रमांक १०८ म्हणून आहे. त्यानुसार हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडीचा बदली बल्ब चालत नाही. पाकिटाच्या मागे मुंगीच्या अक्षरात 'ऑफ-रोड वापरासाठी' लिहिलेलं असतं. ऑफ-रोड म्हणजे टॉनेल ॲव्हेन्यू नव्हे, खड्डे कितीही असले तरी.

कंपनीतूनच एलईडी दिवे असलेली गाडी ही वेगळी गोष्ट. तिथे आरसा आणि भिंगं त्याच चिपसाठी आखलेली असतात. त्यात बल्ब बदलायचा प्रश्नच येत नाही, बिघडला तर अख्खा दिवा, आणि बिल हजार डॉलरच्या घरात. आणि एक थंडीतला मुद्दा. हॅलोजनच्या उष्णतेने काचेवरचा बर्फ वितळतो. एलईडी पुढून थंड राहतो. बर्फ पडत असताना त्याच्यावर थर चढतो, तेव्हा काच साफ करताना ब्रश पुढच्या दिव्यांवरूनही फिरवा.

नवी गाडी घेणार असाल तर आयआयएचएस ही विमा कंपन्यांची संस्था हेडलाइटला गुण देते, ते बघा. त्यांनी २०१६ मध्ये सुरुवात केली तेव्हा ३१ मध्यम आकाराच्या गाड्यांपैकी एकाच गाडीला 'गुड' मिळालं होतं, आणि महागड्या जर्मन गाड्यासुद्धा नापास झाल्या होत्या. पुढे २०२१ मध्ये त्यांनी अपघातांची आकडेवारी दिली. 'गुड' दिव्यांच्या गाड्यांचे रात्रीचे एकट्याने होणारे अपघात 'पुअर' दिव्यांच्या गाड्यांपेक्षा १९ टक्के कमी, आणि पादचाऱ्यांना धडकण्याचे २३ टक्के कमी. एकाच मॉडेलच्या दोन ट्रिममध्ये दिवे वेगळे असू शकतात, तेव्हा सनरूफसाठी घासाघीस करताना हेही विचारा. समोरच्या गाडीपुरताच प्रकाश कापून बाकी रस्ता उजळ ठेवणारे दिवे युरोपात आधीपासून आहेत, इथे त्यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

आता तो प्लॅस्टिकचा खलनायक. पॉलिकार्बोनेटची पुढची काच उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळी, धुरकट होते. आपण जर्सी सिटीवाले गाड्या रस्त्यावर लावतो, गराज कुणाला परवडतं? म्हणजे वर्षाचे ३६५ दिवस ऊन. ट्रिपल ए ने २०१८ मध्ये मोजलं, तर पिवळ्या पडलेल्या दिव्यातून नव्याच्या फक्त २० टक्के प्रकाश बाहेर येत होता. आता विचार करा. पाचातले चार भाग काचच खात असेल, तर साठ डॉलरचा बल्ब घालून काय मिळणार? नेटवर्क बंद असताना कम्प्युटरची रॅम वाढवणारे लोक असतात ना, तसं.

उपाय सोपा. वीस-पंचवीस डॉलरला किट मिळतं. त्यात वेगवेगळ्या बारकाईचे पॉलिश पेपर असतात, आधी जाड, मग बारीक, पाणी मारत घासायचं, आणि शेवटी अतिनील किरण अडवणारा थर द्यायचा. हा शेवटचा थर विसरलात तर काही महिन्यांत पुन्हा जैसे थे. टूथपेस्टने घासल्याचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतात. काच उजळते खरी, पण संरक्षण काही मिळत नाही. घासून काच साधारण ७० टक्क्यांपर्यंत येते, पूर्ण शंभर हवे असतील तर नवा दिवाच बसवावा लागतो. पण वीसवरून सत्तर, हे कुठल्याही बल्बने होणार नाही. याच जोडीला विंडशील्ड आतून पुसा. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकची वाफ काचेवर बसते, दिवसा दिसत नाही, रात्री समोरचे दिवे तिच्यात फुटतात.

जुन्या गाड्यांत आणखी एक. वायर किंवा सॉकेट गंजलं की बल्बपर्यंत व्होल्टेज कमी पोचतं. दहा टक्के व्होल्टेज कमी म्हणजे प्रकाश जवळपास तीस टक्के कमी. नवा बल्ब घालूनही मंद वाटला तर मेकॅनिकला ते बघायला सांगा. उलट बाजूने, भारतात शंभर वॅटचे बल्ब टाकायची फॅशन होती, त्यात सॉकेट वितळायचे. ते इथे करू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे दिव्याचा रोख. दिवा एक अंश वर झाला तर शंभर फुटांवर प्रकाश एकवीस इंच वर जातो, म्हणजे रस्त्यावरून थेट समोरच्याच्या तोंडावर. खाली झाला तर तुम्हालाच दिसत नाही. पार्किंग करताना पुढच्याच्या बंपरला लागणारे प्रेमळ धक्के, खड्डे, यांनी रोख हलतो. आणि एक खास आपला प्रकार. भारतात जायचं असतं. मागे डिकीत पन्नास-पन्नास पौंडांच्या सहा बॅगा, मागच्या सीटवर आई, बाबा, मावशी. गाडीचं नाक वर होतं, आणि पुलास्की स्कायवेवरून नेवार्क विमानतळाकडे जाताना आपण समोरच्या प्रत्येकाला आंधळं करत जातो. काही गाड्यांत डॅशबोर्डवर रोख खाली करायचं छोटं चक्र असतं, असेल तर वापरा.

तपासायचं कसं? सपाट जागी भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करा. टाकी निम्मी, ड्रायव्हर बसलेला. लो बीम लावा. भिंतीवर उजेडाची वरची कड स्पष्ट दिसते, डावीकडे थोडी खाली, उजवीकडे चढलेली. उजवीकडे का? कारण इथे उजवीकडे फुटपाथ आणि पाट्या, डावीकडून समोरची वाहतूक. भारतात याच्या बरोबर उलट, म्हणून तिकडचा दिवा इकडे चालत नाही. दोन्ही दिव्यांच्या कडा एका उंचीवर हव्यात, आणि दिव्याच्या मध्यापेक्षा किती खाली, ते मॅन्युअलप्रमाणे. उंचीचा स्क्रू दिव्याच्या मागे असतो, साध्या स्क्रूड्रायव्हरने फिरतो. जमत नसेल तर मेकॅनिक दहा मिनिटांत करून देतो.

हाय बीम आपण फार कमी वापरतो, हे मला खटकतं. आयआयएचएसने मिशिगनमधल्या ॲन आर्बरला मोजलं, तर हाय बीम लावायला हवा अशा ठिकाणी शंभरातले फक्त अठरा जण लावत होते. न्यू जर्सीचा कायदा म्हणतो, समोरची गाडी ५०० फुटांच्या आत आली की डिपर. म्हणजे त्याआधी अप्पर चालतो. रिकाम्या काळ्या रस्त्यावर तो लावा, फुकटचा उजेड आहे. आणि वायपर चालू तर हेडलाइट चालू, हाही इथला कायदा आहे. अनेक गाड्यांत दिवसाचे छोटे दिवे लागले की लोकांना वाटतं हेडलाइट लागले. मागचे लाल दिवे त्यात लागत नाहीत.

आता डोळे. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश असतो. बाहुली कमी उघडते, भिंग पिवळसर होतं. अगदी आपल्या हेडलाइटच्या काचेसारखं. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या दिव्याभोवती वलय दिसतं. काका, काकू, 'रात्री त्रास होतो' हे डॉक्टरांना वेगळं सांगा, दिवसाच्या उजेडात तक्त्यावरची अक्षरं वाचून ते कळत नाही. आणि ते पिवळ्या काचांचे 'नाइट ड्रायव्हिंग' चष्मे घेऊ नका. २०१९ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी तपासून पाहिलं, त्याने रात्री पादचारी लवकर दिसत नाहीत. समोरचा दिवा डोळ्यांवर आला तर त्याच्याकडे न बघता रस्त्याच्या उजव्या कडेची पांढरी रेघ धरायची. स्कायवेवर जिथे शोल्डरच नाही तिथे हे फार उपयोगी पडतं.

आणि रात्री नकोच असेल चालवायला, तर नको. त्याची लाज नाही. माझ्या फोन-यादीत आता एक नवा रकाना केलाय. 'घरी सोडायला कुणी हवंय का?' पहिल्याच कार्यक्रमाला अकरा नावं आली आणि सोडायला नऊ गाड्या. आमच्या वयाच्या मंडळींनी हात वर करा, रकाना भरायचाय.

फार बोललो. चहा आणि मोदक तयार आहेत. चहानंतर इमारतीच्या मागच्या भिंतीशी या, तिथे पंचवीस फुटांवर मी मास्किंग टेपने रेघ मारून ठेवलीय. आठपर्यंत पुरेसा अंधार होईल. एकेक गाडी लावून रोख बघू. माझ्याकडे दोन स्क्रूड्रायव्हर आणि काच घासायची चार किट आहेत, पहिल्या चार पिवळ्या दिव्यांना मिळतील. त्या तीन कॅमरीवाल्यांनी आधी यावं.